पानाची डावी बाजू आणि हमसची वाटी

पत्र थोडक्यात : गुहागर तालुक्यातल्या समुद्रालगतच्या एका गावातून हे पत्र आलं आहे. लिहिणारी पस्तिशीतली, माहेर पुण्याचं. सहा वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर गावी येऊन तिने सासरच्या घरात चार खोल्यांचा होमस्टे सुरू केला. जेवण सासूबाईंच्या हातचं, आणि पाहुणे त्यावर खूश. गेल्या दिवाळीपासून हिने संध्याकाळी ‘स्टार्टर’ म्हणून घरी केलेले देशोदेशीचे प्रकार ठेवायला सुरुवात केली : हमस (काबुली चणे वाटून केलेलं), त्झात्झिकी (चक्का-काकडीची), किमची (आंबवलेल्या कोबीची), कधी ब्रुस्केटा (पावावर टोमॅटो). काहींनी वाट्या चाटूनपुसून साफ केल्या. एका पाहुण्याने मात्र जाताना वहीत लिहिलं, ‘कोकणात येऊन हमस कशाला?’ सासूबाई तेव्हापासून विचारतायत, ‘आमच्या पानाच्या डाव्या बाजूला काय कमी होतं?’ त्यात एका संकष्टीला मिक्सरच्या भांड्याला लसणाचा वास राहिला आणि घरात दोन दिवस अबोला झाला. मे महिन्यात लाइट गेलेली असताना किमचीची बरणी फसफसून फडताळात सांडली, तो वास अजून येतो. नवरा म्हणतो, ‘दोघी मिळून करा ना.’ हिचा प्रश्न : हे सगळं बंद करू, की पाहुण्यांना हवं ते देण्यात माझं काही चुकत नाही?

अगं,

पत्रात तू मला मावशी म्हटलंयस, म्हणून सरळ अगंतुगंवर येते.

आधी ते मिक्सरचं भांडं. तू त्याला चार ओळी दिल्यास आणि हमसला दोन पानं, पण मला उलटं वाटलं. संकष्टीचा दिवस, सकाळपासून पोटात काही नाही, चंद्रोदयाला नैवेद्य दाखवायचा, नारळ वाटायला घेतला आणि झाकण उघडताच लसणाचा भपकारा. त्या जागी मी असते तर दोन दिवसांत बोलले असते की नाही, सांगता येत नाही. त्यांच्या अबोल्याचा अर्थ तू ‘आईंना नवीन काही चालत नाही’ असा लावलास. मला तो एवढाच दिसतो, की त्यांचं भांडं त्यांचं राहिलं नाही. तालुक्याला जाशील तेव्हा मिक्सरचं एक वेगळं भांडं घे, कडीला लाल दोरा बांध आणि तुझे लसणाचे उद्योग त्यातच कर. भांड्याला भांडं लागतं म्हणतात ते इथे अगदी शब्दशः झालंय.

आता तुझा प्रश्न. ‘पाहुण्यांना हवं ते’ असं तू तीनदा लिहिलंयस, पण हमस मागणारा पाहुणा मला पत्रात कुठे सापडला नाही. त्यांनी खाल्लं, आवडलं, पण मागितलं नव्हतं. करून बघायची हौस तुझी होती. त्यात लाजण्यासारखं काही नाही. इतकी वर्षं दुसऱ्याच्या पद्धतीने आमटी ढवळल्यावर स्वतःच्या हातचं काही पानात असावं असं कुणालाही वाटेल. मात्र ते पाहुण्यांच्या नावावर खपवू नकोस. ‘आई, मला हे करायला आवडतं’ या वाक्याला त्या काय म्हणतील ते तुला अजून माहीतच नाही, कारण ते वाक्य तू उच्चारलेलं नाहीस. ‘पाहुण्यांना हवं असतं’ असं म्हटलं की त्यांना मात्र ऐकू येतं, ‘तुमचं जेवण आता पुरत नाही.’

त्यांचा डाव्या बाजूचा प्रश्नही टोमणा म्हणून सोडून देऊ नकोस. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं, कधी पंचामृत किंवा मेथांबा, सणाला भजी-पापड, हे सगळं डावीकडे. भाजी-आमटी उजवीकडे. पोट उजवी बाजू भरते आणि डावी बाजू तोंडाला चव आणते. चमचा-चमचाच वाढायचं, पण करायला वेळ लागतो तो डाव्या बाजूलाच. पानात डावं-उजवं असतं, मानात ते नसतं, हे त्या तुला सांगतायत. त्यांच्या डाव्या बाजूच्या आधी तू एक बाजू नव्याने उघडलीस आणि तिला नाव दिलंस ‘स्टार्टर’. म्हणजे बाकीचं काय, नंतरचं?

हा ‘आधी स्टार्टर, मग जेवण’ प्रकार युरोपातही काही फार जुना नाही. तिथेही पूर्वी मेजवानीला पुष्कळसे पदार्थ एकदमच टेबलावर मांडायचे. एकामागून एक वाढायच्या पद्धतीला फ्रेंच लोक ‘रशियन पद्धत’ म्हणत, आणि ती तिकडे रुळली एकोणिसाव्या शतकात. तू ज्या देशांचे पदार्थ करतेस तिथेही सरसकट तसं नाही. कोरियात भाताभोवती बानचानच्या, म्हणजे तोंडीलावण्यांच्या, छोट्या वाट्या एकदम मांडतात आणि सगळे त्यातून घेतात. तुर्कस्तान-लेबनॉनकडचे मेझे, म्हणजे थोड्या थोड्या वाढलेल्या पदार्थांच्या ताटल्या, गप्पा मारत तासन्‌तास चालतात. म्हणजे किमची ही जेवणाआधी काट्याने उचलायची वस्तू नाहीच, ती भाताशेजारची. सरळ सांगायचं तर त्यांची डावी बाजू. तुझ्या सासूबाईंना हे पटकन कळेल, तुझ्या पुण्याच्या पाहुण्यांना कदाचित उशिरा.

किमचीचा विषय निघालाच आहे तर थोडी रेंगाळते, कारण बरणी सांडल्यामुळे तू तिच्यावर रागावलेली दिसतेस. कोरियात हिवाळ्याच्या तोंडावर घरंच्या घरं, शेजारीपाजारी एकत्र जमून ढिगाने किमची घालतात आणि वाटून घेतात. त्याला किमजांग म्हणतात. २०१३ साली युनेस्कोने या प्रथेची अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. आता मला सांग, मे महिन्यात तुमच्या अंगणात काय चालू असतं? आगोट. पापड, फेण्या, सांडगी मिरची, आमसुलं, आंबोशी, सुकट, सोडे, लोणच्याच्या बरण्यांना दादरे बांधणं. तिकडे बर्फाआधीची बेगमी, इकडे पावसाआधीची. दोन्हीकडे मिठावर आणि चार बायकांच्या हातांवर भरवसा. आणि तू काय केलंस, तर आगोटीच्या ऐन धामधुमीत, माजघरातलं अख्खं फडताळ त्यांचं असताना, एकटीने मोबाइलवर बघून एक बरणी गुपचूप मागे सरकवलीस. सांडली नसती तरच नवल.

पुढच्या वेळी कोबीऐवजी पांढरा मुळा घे. मुळ्याच्या फोडींची किमची कोरियात घरोघरी करतात, आणि मुळ्याच्या फोडी बरणीत घालणं सासूबाईंना नवं नाही. किलोभर फोडींना वीस ते पंचवीस ग्रॅम मीठ, म्हणजे वजनाच्या दोन-अडीच टक्के. वजनकाट्यावरच मोज, चमच्याचा अंदाज नको. बरणी पाऊणच भर, खाली ताट ठेव, झाकण सैल ठेव. आंबताना वायू सुटतो, त्याला वाट हवी. आपल्याकडच्या उकाड्यात बाहेर एखादा दिवस खूप झाला, मग फ्रिजमध्ये. कोरियातली कृती जशीच्या तशी वाचून तू तीन दिवस बाहेर ठेवलीस, तो हिशेब त्यांच्या थंडीचा. मीठ आणि आंबण्याबद्दल तुझ्यापेक्षा जास्त कळणारं माणूस तुझ्याच घरात लोणची घालतंय. बरणी बंद करण्याआधी त्यांच्या नाकाखाली धर, एवढंच.

बाकीच्या यादीबद्दल माझं मत विचारलं नाहीस, तरी देते. त्झात्झिकी सोड. चक्का, पिळलेली काकडी, लसूण, चांगलंच लागतं ते. पण ज्या घरात तवशाची दाण्याचं कूट घातलेली कोशिंबीर होते, त्या घरात तिच्याशेजारी ते ठेवणं म्हणजे सख्ख्या बहिणींची पाहुण्यांसमोर तुलना करणं. शिवाय नाव उच्चारताना निम्मे पाहुणे अडखळतात. ब्रुस्केटाही सोड. त्याला कडक सालीचा पाव आणि पिकलेला, कमी पाण्याचा टोमॅटो लागतो. तुझ्या गावात दोन्ही एकाच दिवशी मिळाले तर लॉटरीचं तिकीट घे.

हमस राहू दे, पण नीट कर. विकतची ताहिनी, म्हणजे तिळाचं वाटण, बंद. पांढरे तीळ मंद आचेवर नुसते गरम होईतो परत. तिळाच्या वड्यांसाठी भाजतो तसे खरपूस केलेस तर कडू होईल. कोमट असतानाच दोन-तीन चमचे तेलाबरोबर वाट, थांबून थांबून. आधी भुगा होतो, मग गोळा, मग अचानक सैल पडतं, तेवढा धीर धर. काबुली चणे रात्री भिजत घालशील ते फ्रिजमध्ये, नाहीतर मे महिन्यात सकाळपर्यंत पाण्याला फेस येतो. शिजवताना चिमूटभर खायचा सोडा, आणि दोन बोटांत चिरडला की साल-गर एक होईल इतके मऊ. आधी ताहिनी, लिंबू, लसूण, मीठ फिरवून घे, मग चणे, मग चमचा-चमचा बर्फाचं पाणी. ऑलिव्हचं महाग तेल आत ओतायची गरज नाही, वरून चमचाभराची धार पुरते. सोबत पिटा ब्रेड मागवत बसू नकोस, घरच्या नाचणीच्या पापडाचे तुकडे ठेव.

आणि आता जे मला मनापासून सांगायचंय ते. तू जगाच्या नकाशावर बघताना भूमध्य समुद्रावर थांबलीस. जरा खाली सरक. ज्या किनाऱ्यांवर माड आहेत, सुकी मासळी आहे, केळी आहेत, तिथली तोंडीलावणी बघ. त्यांचं सगळं सामान तुझ्या परसात आहे.

श्रीलंकेत पोल सांबोल करतात. खवलेला नारळ, लाल मिरची, छोटे कांदे, लिंबू आणि मालदीवकडचा वाळवलेला कुपा मासा कुटून. कुप्याच्या जागी भाजलेलं सुकट घाल आणि सासूबाईंना एक घास दे. त्या म्हणतील, ‘ही तर आपली सुकटाची चटणी, लिंबू जास्त झालंय.’ म्हणू दे. लाओस आणि थायलंडमध्ये कच्च्या पपईची कोशिंबीर करतात, सोम तम नावाची : पपईचा लांब कीस, मिरची, लसूण, सुकी कोळंबी, शेंगदाणे, लिंबू आणि ताडा-माडाचा गूळ. तुझ्याकडे विहिरीजवळ पपई आहे असं तूच लिहिलंयस. सोडे कोरडे भाजून घे, परवडत नसतील तर सुकी करंदी. तिकडे माशाचं खारं पाणी घालतात, तू नुसतं मीठ घाल. उखळात मिरची, लसूण, गूळ आधी ठेच, मग पपई घालून हलक्या हाताने नुसती दबव. कीस तुटला नाही पाहिजे, नुसता मलूल व्हायला हवा. ते उखळ कित्येक वर्षं पडवीत कुंडी ठेवायला वापरलं जातंय, हेही तूच लिहिलंयस. कुंडी खाली काढ.

कॅरिबियन बेटांवर कच्च्या केळ्याचे जाड तुकडे तळतात, दाबून चपटे करतात आणि पुन्हा तळतात. त्याला तोस्तोनेस म्हणतात. राजेळी केळी घे, दाबायला वाटीचा तळ. नीरफणसाचं तर विचारूच नकोस. मूळचा पॅसिफिक बेटांवरचा. विल्यम ब्लाय नावाच्या इंग्रज कप्तानाने त्याची रोपं वेस्ट इंडीजला न्यायचा पहिला प्रयत्न केला, तेव्हा १७८९ साली खलाशांनी बंड करून त्यालाच जहाजावरून उतरवलं. दुसऱ्या खेपेला, १७९३ साली, रोपं पोचली. आज तिकडे नीरफणस भाजून, तळून खातात, आणि आपल्याकडे हंगामात तांदळाचं पीठ आणि रवा लावून त्याचे काप होतात. एका ताटलीत आईंच्या पद्धतीचे काप आणि तुझे तोस्तोनेस ठेव. पाहुण्याला गोष्ट सांगायला विषयही होतो.

वहीत लिहिणाऱ्या त्या पाहुण्याचं फार मनाला लावून घेऊ नकोस, पण फेकूनही देऊ नकोस. तो हमसवर रागावलेला नसेल. चारशे किलोमीटर गाडी चालवून आलेल्या माणसाच्या पुढ्यात आधी तेच आलं जे त्याच्या घराखालच्या कॅफेत मिळतं, एवढंच असेल. मिरची, बटाटा, काजू, पपई ही सगळी अमेरिकेकडून पोर्तुगीजांच्या काळात आली, मग कोकणचं म्हणजे नक्की काय, असा वाद त्याच्याशी घालता येईल. मुद्दा खरा आहे. तरी सासूबाईंसमोर तो काढू नकोस. खरे मुद्दे स्वयंपाकघरात फार महाग पडतात, मी पडताळून पाहिलंय.

पाहुण्याला खरी गरज कधी असते, ते मात्र बघ. समुद्रात डुंबून साडेपाचला परत येतात, केसांत वाळू, पोटात कावळे. जेवण साडेआठला. मधले तीन तास ते गाडीतल्या वेफर्सच्या पुड्यांवर काढतात आणि जेवायला बसतात तेव्हा भूक मेलेली. सासूबाईंच्या जेवणाला खरा फटका त्या पुड्यांचा आहे. तिथे तुझी जागा आहे. सहाला पडवीत एक ताटली : एक बाहेरचा प्रकार, एक घरचा, सोबत सोलकढी नाहीतर ताक. रोज एकच बाहेरचा. चार ठेवलेस की चारही अर्धवट होतात आणि घासायच्या वाट्या बत्तीस. त्या वाट्या कोण घासतं याबद्दल तू पत्रात एक अक्षर लिहिलेलं नाहीस, म्हणून मला शंका आहे की तू घासत नाहीस.

ताटलीला ‘स्टार्टर’ म्हणू नकोस. ‘संध्याकाळचं’ म्हण. आणि जेवणात किमची ठेवशील त्या दिवशी ती पानात डावीकडे, लोणच्याशेजारी, आईंच्या हाताने वाढलेली.

काही गोष्टी मात्र चवीच्या नाहीत, पोटाच्या आहेत, आणि तू पैसे घेऊन खाऊ घालतेस. किनाऱ्यावर बत्तीस अंशांच्या वर पारा असताना हमस, दह्याचे प्रकार, ओलं खोबरं तासाभरापेक्षा जास्त उघड्यावर नको, एरवी फार तर दोन तास. थोडं थोडंच बाहेर काढ, उरलेलं परत फ्रिजात सारू नकोस. लाइट चार तास गेली तर फ्रिजमधलं हमस गेलं असं समज. तेलात बुडवलेला कच्चा लसूण बाटलीत भरून बाहेर ठेवायची कल्पना तू लिहिली आहेस, ती तर नकोच. हवाबंद तेलात वाढणारे जंतू जिवावर बेततात आणि वासावरून कळतही नाही. कच्च्या अंड्याचं मेयोनीज नको.

लिंबात मुरवलेल्या कच्च्या माशाचा पेरू देशातला प्रकार, सेविचे, करू का असंही विचारलंयस. बरीच वर्षं झाली, ताज्या सुरमईचा तो प्रयोग मी माझ्या भावाच्या घरी वेंगुर्ल्याला केला होता. अख्खं घर दोन दिवस मीठ-साखरेच्या पाण्यावर. लिंबाने मांस पांढरं पडतं, शिजल्यासारखं दिसतं, पण जंतू आणि किडे मरत नाहीत. किड्यांसाठी उणे वीस अंशांत सात दिवस मासा ठेवावा लागतो, आणि आपल्या फ्रिजला तेवढी थंडी झेपत नाही. इक्वेडोरमध्ये कोळंबीचं सेविचे करताना कोळंबी आधी उकडून घेतात. ते कर. करंदी किंवा तिसऱ्या (शिंपल्या) नीट वाफवून, गार करून, मग लिंबू, कांदा, मिरची, कोथिंबीर.

अजून एक : तीळ, शेंगदाणे आणि कोळंबी, तिन्ही काहींना बाधतात. खोली देतानाच विचार. शाकाहारी पाहुण्याला सांबोलचा चमचा चुकून कोशिंबिरीत गेला तर तुझी सगळी मेहनत पाण्यात, तेव्हा चमचे वेगळे. किमचीत सुकी कोळंबी घालणार असशील तर तसं स्पष्ट सांग. ती बघून ओळखता येत नाही.

ज्या घरांत होमस्टे नाही पण सून आणि सासू दोघी स्वयंपाकाच्या आहेत, त्यांच्याकडूनही मला अशीच पत्रं येतात. कुठे पास्ता असतो, कुठे मोमो. भांडं, फडताळ आणि वाट्या या तीन जागा आधी तपासा असं मी त्यांना सांगते. पदार्थावरचं भांडण त्यानंतर किती उरतं ते बघा.

राहता राहिला तुझा नवरा. ‘दोघी मिळून करा’ म्हणणं फुकट असतं. त्याला म्हणावं, पोल सांबोलला दोन नारळ लागतात, विळीवर बस आणि खवून दे. आणि त्या बत्तीस वाट्याही आहेतच.

तुझी,
मावशी

ता. क. फडताळातल्या वासासाठी : फळ्या निघत असतील तर सोड्याच्या पाण्याने पुसून दोन दिवस कडक उन्हात टाक. निघत नसतील तर आत वाटीभर खायचा सोडा किंवा कोळशाचे तुकडे ठेव आणि आठवड्याने बदल. आगोटीचे पापड तोवर त्या फडताळात ठेवू नकोस, पापड वास फार लवकर धरतात.